बागेत आपोआप उगवलेले अनोळखी रोप कसे ओळखावे

पावसाळा सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की वाफ्यांत, कुंड्यांत आणि कुंपणाच्या कडेने आपण न लावलेली रोपे वर येऊ लागतात. त्यांतली बरीचशी ओळखीची असतात. केना, घोळ, आघाडा, कुर्डू ही नावे घरातल्या कोणाला ना कोणाला ठाऊक असतात. प्रश्न उभा राहतो तो पूर्वी कधीच न पाहिलेल्या रोपाचा. ते उपटावे की राखावे, हे ठरवण्याची घाई बहुतेक जण करतात आणि तिचे नुकसान दोन्ही प्रकारे होते. कधी एखादी उपयोगी देशी वनस्पती तण समजून फेकली जाते, तर कधी देखणे म्हणून सांभाळलेले रोप दोन-तीन वर्षांत शेजारच्या मोकळ्या जागेपर्यंत आणि तिथून टेकडीपर्यंत पोहोचते.

माझ्या मते या बाबतीत एक नियम पक्का धरावा. ओळख पटेपर्यंत रोप जगू द्यावे, त्याला फूलही येऊ द्यावे, पण त्याचे बी जमिनीवर पडू देऊ नये. फूल पाहिल्याशिवाय खात्रीची ओळख बहुधा होत नाही, आणि वर्षभरात जीवनक्रम संपवणाऱ्या बहुतेक तणांचा प्रसार बियांवरच अवलंबून असतो. कळी दिसल्यापासून बी पिकेपर्यंतचे दिवस ही आपल्याला मिळालेली मुदत असते. या नियमाला अपवाद फक्त जमिनीवर सरपटत जाणाऱ्या आणि पेरापेराला मुळे सोडणाऱ्या वनस्पतींचा. त्या बियांची वाट पाहत नाहीत, म्हणून अशा रोपाचा एक तुकडा मुळांसह कुंडीत लावून निरीक्षणासाठी ठेवावा आणि वाफ्यातला उरलेला पसारा लगेच काढून घ्यावा.

परदेशी असणे आणि आक्रमक असणे

मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, सीताफळ आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडू या सगळ्या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडांतल्या आहेत, आणि त्यांना कोणी आक्रमक म्हणत नाही. माणसाच्या मदतीशिवाय जी परदेशी वनस्पती भराभर पसरते आणि तिथल्या मूळ वनस्पतींची जागा, पाणी व प्रकाश हिरावून घेते, तिलाच आक्रमक म्हणावे. जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आयपीबीईएस या आंतरसरकारी मंचाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार माणसाने जगभरात नव्या प्रदेशांत नेऊन रुजवलेल्या जीवजाती ३७,००० हून अधिक आहेत, त्यांतल्या सुमारे ३,५०० जाती हानिकारक आक्रमक ठरल्या आहेत, आणि वनस्पतींपुरते पाहिले तर हे प्रमाण सुमारे ६ टक्के आहे. म्हणजे नाव परदेशी निघाले एवढ्यावरून विळा उचलण्याचे कारण नसते. अंगणातली कंबरमोडी मध्य अमेरिकेकडून आलेली आहे, पण घरच्या बागेत ती सहज आटोक्यात राहते आणि तिच्या लहानशा फुलांवर फुलपाखरे सतत येतात. मी तरी ती चार कोपऱ्यांत राहू देईन.

रोप कुठे उगवले आहे ते आधी पाहावे

जागा पुष्कळ काही सांगते. नर्सरीतून आणलेल्या पिशवीतल्या लाल मातीतून उगवलेले रोप त्या नर्सरीच्या परिसरातले तण असण्याची शक्यता मोठी असते. नीट न कुजलेले शेणखत टाकल्यावर त्याच वाफ्यात एकाच प्रकारची अनेक रोपे एकदम उगवली, तर जनावरांनी खाल्लेल्या चाऱ्यातून बी आलेले असते. विजेच्या तारेखाली, गच्चीच्या कठड्यालगत किंवा मोठ्या झाडाच्या बुंध्याशी एकेकटे उगवलेले रोप बहुधा पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले असते. वड, पिंपळ, उंबर, चंदन, सिंगापूर चेरी आणि घाणेरी अशाच प्रकारे येतात. मोकळ्या, उघड्या मातीवर सगळीकडे विखरून उगवलेल्या रोपांचे बी वाऱ्याने आलेले असू शकते. पहिल्या पावसानंतर एकही पान नसताना जमिनीतून थेट जाडसर दांडा किंवा फुलोरा वर आला, तर खाली कंद आहे असे समजावे. सुरण आणि शेवळे याच प्रकारचे आहेत, आणि असा कंद कुदळीने तोडण्याआधी पान येईपर्यंत थांबावे.

ज्या दिवशी रोप प्रथम दिसले तो दिवस वहीत लिहून ठेवावा, शेजारी एक काडी खोचावी आणि आठवड्यातून एकदा उंची व पानांची संख्या नोंदवावी. वाढीचा वेग ही पुढे उपयोगी पडणारी माहिती आहे आणि ती नंतर आठवून सांगता येत नाही. उगवल्यावर प्रथम दिसणाऱ्या दोन बीजदलांवरून मात्र काहीही ठरवू नये, कारण निरनिराळ्या कुळांतल्या रोपांची बीजदले एकसारखी दिसतात. त्यानंतर येणाऱ्या खऱ्या पानांपासून ओळखीला आरंभ करावा.

खोड, पान, वास

पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे पाने खोडावर कशी लागली आहेत. प्रत्येक पेराला दोन पाने समोरासमोर आहेत, की एका पेराला एकच पान आणि पुढचे दुसऱ्या बाजूला, म्हणजे एकाआड एक आहे? या एका प्रश्नाने शक्यतांची यादी एकदम लहान होते. कुंपणावर चढलेल्या, हृदयाच्या आकाराची पाने असलेल्या वेलीचे उदाहरण घ्यावे. गुळवेलीची पाने एकाआड एक असतात आणि तिच्या जून खोडाची साल कागदासारखी सुटते. मिकेनिया या अतिशय वेगाने पसरणाऱ्या अमेरिकी वेलीची पाने जवळजवळ त्याच आकाराची, पण समोरासमोर असतात. लांबून दोन्ही सारख्याच वाटतात, आणि हातात घेऊन पेर पाहिले की शंका उरत नाही.

दुसरा प्रश्न पान साधे की संयुक्त, म्हणजे अनेक लहान पर्णिकांत विभागलेले, हा आहे, आणि इथे नवशिक्यांची फसगत होते, कारण संयुक्त पानाची पर्णिका हेच स्वतंत्र पान वाटते. त्याची कसोटी सोपी आहे. पान जिथे खोडाला मिळते त्या बगलेत लहानसा अंकुर असतो, पर्णिकेच्या बगलेत तो नसतो. अंकुर सापडेपर्यंत देठ मागे मागे तपासत जावे. तो जिथे सापडेल तिथून पुढचा सगळा भाग हे एक पान होय.

त्यानंतर खोड बोटांमध्ये फिरवून ते गोल आहे की चौकोनी, गुळगुळीत आहे की लवदार, त्यावर उभ्या रेषा किंवा काटे आहेत का, हे पाहावे. चौकोनी खोड, समोरासमोरची पाने आणि चुरगळल्यावर वास ही लक्षणे एकत्र आली तर रोप तुळशीच्या कुळातले असण्याची दाट शक्यता असते. पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का तेही पाहावे, मात्र चीक डोळ्यांना लागू देऊ नये आणि लगेच हात धुवावेत. पान चुरगळून वास घ्यायला हरकत नाही. चव मात्र कधीही घेऊ नये. धोतऱ्यासारखी विषारी झाडे आपल्या अंगणांत सहज उगवतात, आणि रानभाजी म्हणून काही खायचे असेल तर ती वर्षानुवर्षे खाणाऱ्या माणसाने प्रत्यक्ष पाहून खात्री दिल्यावरच खावे, फोटोवरून नव्हे.

हे सगळे करताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. गाजरगवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज व चट्टे येतात आणि त्याच्या परागांनी दम्याचा त्रास वाढतो. ओळख पटलेली नसताना रोप गाजरगवताचे असू शकते असे धरूनच वागावे. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ असले तर लव, ग्रंथी आणि लहान फुलांचे भाग स्वच्छ दिसतात, आणि बागेसाठी केलेला इतका उपयोगी खर्च दुसरा क्वचितच असेल.

गाजरगवत: एक सविस्तर उदाहरण

ज्या अनोळखी रोपाविषयी सर्वाधिक विचारणा होते ते बहुधा गाजरगवतच निघते, म्हणून ते ओळखण्याची पद्धत नीट समजून घेणे हिताचे आहे. मूळचे उष्ण अमेरिकेतले हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात लक्षात आले आणि परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. काँग्रेस गवत हे त्याचे दुसरे प्रचलित नाव. एक मोठे झाड दहा हजारांहून अधिक बिया देऊ शकते, अनुकूल हवेत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलू लागते आणि मातीत गाडल्या गेलेल्या बिया काही वर्षे जिवंत राहतात. त्यामुळे इथे ओळखायला झालेला उशीर पुढची अनेक वर्षे खुरपणी करायला लावतो.

लहानपणी त्याची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि ती इतकी नाजूक कातरलेली असतात की गाजर, झेंडू, शेवंती किंवा दवणा यांपैकी काहीतरी उगवले असा समज होतो. गाजराच्या पानाचा देठ बुडाशी रुंद होऊन खोडाला वेढतो आणि चुरगळल्यावर गाजराचा ओळखीचा वास येतो. झेंडूच्या कोवळ्या रोपाची पाने समोरासमोर असतात, उजेडासमोर धरल्यास त्यांत तेलाच्या ग्रंथींचे ठिपके दिसतात आणि त्यांचा वास लपत नाही. शेवंती आणि दवणा दोन्ही सुगंधी असतात, दवण्याच्या पानांवर तर रुपेरी झाक असते. गाजरगवताच्या पानांवर बारीक लव असते, रंग किंचित राखट हिरवा असतो आणि यांपैकी एकही वास येत नाही. पुढे मधून ताठ खोड वर येते, त्यावर उभ्या रेषा व लव असते आणि पाने एकाआड एक लागतात.

फुले आली की संशय संपतो. पांढरट, चार मिलिमीटरच्या आसपास रुंदीची असंख्य डोकी फांद्यांच्या टोकांना येतात. त्यांतले प्रत्येक डोके एक फूल नसून अनेक फुलांचा स्तबक असतो, आणि भिंगाखाली त्याच्या कडेला पाच लहान पाकळीवजा फुले स्पष्ट मोजता येतात. पावसाळ्यात पानांवर मळकट पांढऱ्या पाठीचे, त्यावर तपकिरी उभे पट्टे असलेले लहान भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या पान कुरतडताना दिसल्या, तर आणखी एक पुरावा मिळाला असे समजावे. हे मेक्सिकन भुंगेरे गाजरगवताच्या जैविक नियंत्रणासाठी मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळूरू परिसरात सोडण्यात आले होते, आणि आता ते महाराष्ट्रातही आढळतात. त्यांना मारू नये.

गोंधळात पाडणाऱ्या इतर जोड्या

टाकळा आणि सेना युनिफ्लोरा यांची गफलत वारंवार होते. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या सहसा तीन जोड्या असतात, संध्याकाळी त्या मिटतात, आणि शेंग लांब, बारीक व किंचित वाकडी असते. सेना युनिफ्लोरा ही अमेरिकेतून आलेली भगिनी अंगभर लवदार असते, विशेषतः कोवळ्या भागांवर सोनेरी-तपकिरी केस दिसतात, आणि तिच्या शेंगा जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटर लांब, चपट्या व कप्पे पडलेल्या असतात. पुण्याच्या आसपासच्या पडीक जमिनींवर ती गाजरगवतालाही मागे सारून माजलेली दिसते. टाकळ्याच्या भाजीसाठी पाने खुडणाऱ्यांनी शेंगांचा हा फरक लक्षात ठेवावाच, आणि शेंगा नसतील तेव्हा लव पाहावी.

पिवळा माका ही देशी औषधी वनस्पती आणि नर्सरीत जमीन झाकण्यासाठी विकली जाणारी वेडेलिया यांची पिवळी फुले एकमेकींसारखी असतात. पिवळ्या माक्याचे पान अरुंद आणि साधारण भाल्यासारखे असते, तर वेडेलियाचे पान जाडसर, चकचकीत आणि बहुधा तीन खंडांचे असते. ती पेरापेराला मुळे धरत दाट गालिचा करते आणि त्याखाली दुसरे काही उगवू देत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने तयार केलेल्या जगातल्या शंभर अतिउपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत वेडेलिया, घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ आणि जलपर्णी या पाचही आहेत. त्यांपैकी काही आजही हौसेने लावल्या जातात हे मला खटकते. नर्सरीत मिळते म्हणून एखादे रोप निर्धोक ठरत नाही.

घाणेरी, म्हणजेच टणटणी, १८०९ च्या सुमारास शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली असे नोंदले गेले आहे. चौकोनी खोडावरचे लहान, मागे वळलेले काटे, खरखरीत समोरासमोरची पाने, चुरगळल्यावर येणारा उग्र वास आणि एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी अशी रंग बदलत जाणारी फुले यांवरून ती फुलण्याच्या काळात कोणालाही ओळखता येते. फळे हिरवी असतात, पिकल्यावर काळी होतात, आणि पक्षी ती दूरवर नेतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर घर असेल तर रानमोडीचीही शंका घ्यावी. तिचे पान त्रिकोणी असते, देठापासून थोडे पुढे गेल्यावर मुख्य शिरेला दोन्ही बाजूंनी एकेक ठळक शीर फुटून त्रिशूळ तयार होतो, आणि पाऊस संपल्यावर हिवाळ्यात फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुपके येतात. कमळाच्या टाकीत फुगीर, स्पंजासारख्या देठांचे तरंगते रोप दिसले तर ती जलपर्णी होय, आणि तिच्यासाठी कोणतीही मुदत देऊ नये.

उलट बाजूनेही चूक होते. आघाडा हा गणपतीच्या पत्रीत आणि मंगळागौरीला लागणारा, पूर्णपणे आपला. पण त्याची खाली वळलेली, कपड्यांना चिकटणारी फळे पाहून नव्याने बाग करणारे त्याला परदेशी तण ठरवतात. पुनर्नव्याचेही तसेच होते. बागेत त्यांना किती जागा द्यायची हा प्रत्येकाचा निर्णय आहे, पण तो त्यांना ओळखून घेतलेला असावा.

फोटो, ॲप आणि तज्ज्ञ

एका फोटोवरून ओळख मागितली तर बहुधा अंदाजच मिळतो. संपूर्ण रोप, पानाची वरची व खालची बाजू, पेराजवळचा भाग, खोड, फूल समोरून आणि बाजूने, तसेच फळ किंवा शेंग, असे निदान सहा-सात फोटो सावलीत, जवळ पट्टी ठेवून काढावेत. फुलाची मागची बाजू हमखास राहून जाते, आणि सूर्यफुलाच्या कुळात ती फार महत्त्वाची असते. गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट यांसारखी साधने हे फोटो पाहून नावे सुचवतात; त्यांनी सुचवलेले नाव ही तपासायची शक्यता आहे असे समजावे. सुचवलेल्या जातीचे सविस्तर वर्णन उघडून पानांची मांडणी, लव, फुलाचे भाग आणि फुलण्याचा काळ एकेक करून जुळवावा, आणि एक जरी ठळक लक्षण विसंगत असेल तर ते नाव सोडून द्यावे. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद टाकली तर जाणकार ती पाहून दुरुस्त करतात, शिवाय आपल्या परिसरात त्या जातीच्या आधीच्या नोंदी आहेत का तेही कळते. शोध नेहमी शास्त्रीय नावाने घ्यावा, कारण रानतुळस हे नाव वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या झाडांना दिले जाते.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर नमुना तयार करावा. फूल आणि शक्य असल्यास फळ असलेली वीत-दीड वीत लांबीची फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरावी, एखादे पान उलटे ठेवावे, वर जाड पुस्तकांचे वजन ठेवावे आणि नमुना कडक वाळेपर्यंत कागद रोज बदलावा. पावसाळ्यात कागद बदलण्यात हयगय झाली तर बुरशी येते. सोबतच्या चिठ्ठीवर तारीख, गाव, जागेचे वर्णन, रोपाची उंची, फुलाचा ताजा रंग आणि वास लिहावा, कारण वाळल्यावर यांतले काहीच उरत नाही. जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग ही विचारणा करण्याची पहिली जागा. तणांच्या बाबतीत कृषी विज्ञान केंद्राचीही मदत होते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र व आघारकर संशोधन संस्था, आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह येथे वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. तिथे जाण्याआधी पत्राने किंवा फोनने विचारून घ्यावे.

ओळख पटेपर्यंत आणि पटल्यानंतर

उत्तर मिळेपर्यंत फुले कोमेजू लागली तर फुलोऱ्यावर मलमलीची किंवा कागदी पिशवी बांधावी, म्हणजे बी झाले तरी ते पिशवीतच राहील. पिशवी बांधणे शक्य नसेल तर नमुना व फोटो घेऊन फुलोरे कापून टाकावेत.

रोप आक्रमक निघाले तर जमीन ओली असताना ते मुळासकट काढावे. घाणेरीसारखे झुडूप नुसते वर छाटले तर जोमाने फुटते, म्हणून ते जमिनीच्या किंचित खाली, जिथे खोड संपून मूळ सुरू होते तिथे तोडावे. गाजरगवत फुलण्याआधी काढले असेल तर त्याचे कंपोस्ट करता येते. फुले किंवा बी आलेली झाडे मात्र खतात घालू नयेत, ओढ्यात किंवा टेकडीवर टाकू नयेत, जाळूही नयेत. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ती उन्हात ठेवावी आणि आतले सगळे पूर्ण वाळून-कुजून गेल्यावरच विल्हेवाट लावावी. वेडेलियाच्या बाबतीत पेराचा प्रत्येक तुकडा वेचावा लागतो, कारण मातीत राहिलेला तुकडा पुन्हा रुजतो.

मोकळी झालेली जागा तशीच उघडी ठेवू नये. तिथे पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करावे किंवा दाट वाढणारे देशी रोप लावावे, आणि वहीतली नोंद बंद न करता पुढच्या किमान दोन-तीन पावसाळ्यांत पहिल्या सरींनंतर दर आठवड्याला त्या जागेची पाहणी करून दोन-चार पानांवर आलेली नवी रोपे हातानेच उपटत राहावे. शेजारच्या कुंपणापलीकडे तेच झाड असेल तर शेजाऱ्यांना त्याचे नाव सांगून फोटो दाखवावेत आणि दोन्ही बाजूंची सफाई एकाच आठवड्यात करावी.